‘प्रवेग’ या संज्ञेचा अर्थ व उपयोजन : नवी मुंबईच्या जडणघडणीच्या संदर्भात एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

विकासविषयक मराठी लेखनात ‘गती’ आणि ‘वेग’ हे शब्द विपुलतेने आढळतात. अर्थसंकल्पावरील भाषणे, शासकीय अहवाल, वृत्तपत्रांचे अग्रलेख आणि विद्यापीठीय चर्चासत्रांचे विषय या सर्वांतून ‘कामाला गती देणे’, ‘विकासाचा वेग वाढविणे’, ‘प्रक्रिया गतिमान करणे’ असे प्रयोग सर्रास केले जातात व ते समानार्थी मानले जातात. भौतिकशास्त्रात मात्र वेग आणि वेगातील बदल या दोन स्वतंत्र राशी आहेत. यांपैकी दुसऱ्या राशीला मराठीत ‘प्रवेग’ किंवा ‘त्वरण’ अशी संज्ञा आहे. ही संज्ञा पाठ्यपुस्तकात स्थिरावली. सार्वजनिक व्यवहाराच्या मराठीत तिने प्रवेश केला नाही. शब्दाच्या या अनुपस्थितीमुळे विचारातही एक संदिग्धता राहून गेली आहे.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) प्रवेग या संकल्पनेचा अर्थ व तिची पूर्वपीठिका स्पष्ट करणे, (२) मराठी परिभाषेत या संज्ञेला मिळालेल्या पर्यायांची चिकित्सा करणे, (३) नवी मुंबई या नियोजित शहराच्या इतिहासाचा अभ्यास करताना ही संज्ञा कितपत उपयोगी पडते, हे तपासणे. नवी मुंबईची निवड सहेतुक आहे. हे शहर आराखड्यातून जन्माला आले. त्याचा आरंभ, क्षेत्र आणि अपेक्षित लोकसंख्या या बाबी कागदावर नोंदलेल्या आहेत. एखाद्या गोष्टीचा वेग मोजावयाचा तर आरंभबिंदू निश्चित असावा लागतो. तो येथे उपलब्ध आहे.

१. संज्ञेचा शास्त्रीय अर्थ

स्थान बदलण्याचा दर म्हणजे वेग आणि वेग बदलण्याचा दर म्हणजे प्रवेग. वेग कितीही मोठा असला तरी तो बदलत नसेल तर प्रवेग शून्य असतो. लोकलगाडी एकसारख्या वेगाने सरळ धावत असताना उभ्या प्रवाशाला आधाराची विशेष गरज भासत नाही. गाडी स्थानकातून सुटताना किंवा थांबताना मात्र त्याचा हात आपोआप कडीकडे जातो. शरीराला वेग जाणवत नाही, वेगातील बदल जाणवतो.

गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूच्या गतीचे विवेचन केले. अशा वस्तूने समान कालखंडांत ओलांडलेली अंतरे १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या प्रमाणात असतात, म्हणजेच तिचा वेग काळाच्या प्रमाणात वाढतो, असे त्याने दाखविले. न्यूटनच्या १६८७ मधील ग्रंथाने यास कारणाची जोड दिली. वस्तूच्या गतीत बदल घडून येण्यासाठी तिच्यावर बाह्य बल लागू व्हावे लागते. एकसमान वेगाला बलाची आवश्यकता नसते, बदलाला असते. या सिद्धान्ताची दोन उपांगे पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहेत. एक, प्रवेगाला दिशा असते. वर्तुळाकार मार्गावर एकाच चालीने फिरणारी वस्तूही प्रवेगित असते, कारण तिची दिशा क्षणोक्षणी बदलते. दोन, प्रवेग ऋणही असू शकतो. त्यास ‘मंदन’ असे म्हणतात.

मोजमापाच्या दृष्टीनेही एक पथ्य पाळावे लागते. एका नोंदीवरून केवळ स्थान कळते. दोन नोंदींवरून वेग काढता येतो. प्रवेग काढावयाचा तर किमान तीन नोंदी आवश्यक असतात. इतिहासाच्या अभ्यासकाने हे पथ्य लक्षात ठेवण्याजोगे आहे.

२. भारतीय ज्योतिर्गणितातील पूर्वपीठिका

वेगातील बदलाची जाणीव भारतीय परंपरेला अपरिचित नव्हती. सूर्यसिद्धान्तात ग्रहगतीचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत वक्री गतीच्या छटा आहेत, तसेच मंद, मंदतर, सम, शीघ्र, शीघ्रतर असे भेदही आहेत. ग्रह केवळ चालतो असे न म्हणता तो मंदावतो, थबकतो, उलट फिरतो व पुन्हा शीघ्र होतो, असे निरीक्षण या वर्गीकरणामागे आहे. मंदफल आणि शीघ्रफल ही संस्कारांची नावेही याच जाणिवेतून आली आहेत.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मधील सिद्धान्तशिरोमणी या ग्रंथात याच्या पुढचे पाऊल टाकले. दिवसाच्या सरासरी गतीहून वेगळी अशी ‘तात्कालिक’ गती त्यांनी विचारात घेतली आणि ग्रहाचे फल जेथे परम असते तेथे गतिफल शून्य होते, हे नोंदविले. चाळीसगावजवळील पाटणे येथील शिलालेखामुळे भास्कराचार्यांच्या कुलाचा संबंध खानदेशाशी जोडला जातो. तथापि ज्योतिर्गणितातील ही विचारसरणी बलाच्या संकल्पनेशी जोडली गेली नाही. ग्रहाची गती का बदलते, यापेक्षा ती किती बदलते याच्या गणनेवर तिचा भर राहिला.

३. मराठी परिभाषा : प्रवेग की त्वरण?

संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि शासनव्यवहार व विद्याशाखांसाठी परिभाषा निर्माण करण्याचे कार्य पद्धतशीरपणे सुरू झाले. १९६१ मध्ये केंद्र शासनाने वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषेसाठी आयोग स्थापन केला. हिंदीत ‘त्वरण’ हा पर्याय रूढ झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशात ‘प्रवेग’ हा शब्द आढळतो. महाराष्ट्राच्या अलीकडील शालेय पाठ्यपुस्तकांत मात्र ‘त्वरण’ हीच संज्ञा आहे. परिणामी एकाच विषयाच्या वाचकाला शाळेत एक आणि संदर्भग्रंथात दुसरा शब्द भेटतो.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने दोन्ही शब्द तपासून पाहता येतील. ‘प्रवेग’ या शब्दातील ‘प्र’ उपसर्ग आधिक्य दर्शवितो. त्यामुळे शब्दाचा सहज प्रतीत होणारा अर्थ ‘मोठा वेग’ असा होतो. वेगातील बदल त्यातून सूचित होत नाही. ‘त्वरण’ हा शब्द ‘त्वर्’ या धातूपासून आला आहे. त्वरा, त्वरित, सत्वर हे त्याचे आप्त मराठीत पूर्वीपासून नांदत आहेत व त्या सर्वांत घाईची छटा आहे. खाली पडणाऱ्या दगडाला घाई नसते. घाई करणाऱ्याला हेतू असतो. म्हणजे एक शब्द बदलाऐवजी आधिक्य सुचवितो, तर दुसरा निसर्गनियमावर मानवी हेतूचे आरोपण करतो. परिभाषेत अशा मर्यादा अटळ असतात व व्याख्येने त्या दूर करता येतात. प्रस्तुत निबंधात शास्त्रीय अर्थासाठी ‘प्रवेग’ हा शब्द योजिला आहे. ‘त्वरण’ शब्दातील घाईची छटाही टाकाऊ नाही, हे पुढे दिसून येईल.

याखेरीज ‘वेगवर्धन’ हा तिसरा पर्यायही वापरात आहे. अणुभौतिकीतील यंत्रासाठी ‘कणवेगवर्धक’ ही संज्ञा प्रचलित आहे, तर १९९६-९७ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या योजनेचा उल्लेख मराठीत ‘वेगवर्धित सिंचन लाभ कार्यक्रम’ असा होतो. अर्थाच्या दृष्टीने हा पर्याय सुबोध आहे. परंतु त्यात मंदनाला जागा नाही. मोटारचालकाच्या बोलीने या सर्वांना बाजूस सारून ‘रेस देणे’ हा आपला स्वतंत्र प्रयोग केव्हाच घडविला आहे.

‘गती’ या शब्दाचा पसारा याहून मोठा आहे. मराठीत गती म्हणजे हालचाल, तसेच अवस्था आणि अंतिम परिणामही. प्रगती, अधोगती, सद्गती ही एकाच शब्दाची रूपे आहेत. ‘त्याची काय गत झाली’ या प्रश्नात चालीची नव्हे, तर दशेची विचारणा असते. विकासाला ‘गती’ मिळाली असे विधान केले जाते तेव्हा ज्यांच्या भूमीवर तो विकास झाला त्यांची ‘गत’ काय झाली, हा प्रश्न भाषेनेच उपस्थित केलेला असतो.

४. सामाजिक शास्त्रांतील उपयोजन

विसाव्या शतकात ही संकल्पना भौतिकशास्त्राच्या बाहेर पडली. अर्थशास्त्रात आफ्तालियाँ आणि १९१७ मध्ये जे. एम. क्लार्क यांनी प्रवेगाचे तत्त्व मांडले. उपभोग्य वस्तूंची मागणी किती आहे, यापेक्षा ती किती वाढते आहे, यावर नवी गुंतवणूक अवलंबून असते, हे त्याचे सार होय. मागणी उच्च पातळीवर स्थिर राहिली तरी गुंतवणूक घटू शकते, हा त्यातून निघणारा निष्कर्ष वेग व प्रवेग यांतील भेदावरच आधारलेला आहे. पर्यावरणाच्या इतिहासात १९५० नंतर ऊर्जेचा वापर, लोकसंख्या व वायूंचे उत्सर्जन यांत झालेल्या वाढीला स्टेफेन, क्रुट्झेन व मॅकनील यांच्या २००७ मधील लेखनापासून ‘महाप्रवेग’ या अर्थाची संज्ञा रूढ झाली. जर्मन समाजशास्त्रज्ञ हार्टमुट रोझा यांनी २००५ मध्ये तंत्रज्ञान, सामाजिक बदल आणि दैनंदिन जीवन या तिन्ही स्तरांवरील प्रवेग हे आधुनिकतेचे लक्षण असल्याचे प्रतिपादन केले. या विवेचनांत प्रवेग बहुधा समग्र समाजाचा मानला आहे. एकाच भूप्रदेशातील भिन्न घटकांचा प्रवेग भिन्न असू शकतो, ही बाब स्थानिक इतिहासातून अधिक स्पष्ट होते.

५. नवी मुंबई : वेग किती, प्रवेग किती?

चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मुंबईच्या खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांचे सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी अधिसूचित करण्यात आले. आराखड्यात २० लाख लोकवस्तीचे शहर कल्पिले होते. १९७३ मध्ये ठाणे खाडीवरील पूल खुला झाला. १९७९ मध्ये विकास आराखड्यास शासनाची मंजुरी मिळाली.

तथापि पूल झाल्यानंतरही शहर अपेक्षेप्रमाणे वाढले नाही. राज्य शासनाचे मुख्यालय खाडीपलीकडे हलविण्याची कल्पना प्रत्यक्षात आली नाही आणि दक्षिण मुंबईत नरिमन पॉइंट येथे कार्यालयांची वाढ होतच राहिली. भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर नव्या शहरावर लागू केलेल्या बलास विरुद्ध दिशेचे बल जुन्या शहरात कार्यरत होते. १९८० च्या दशकापासून घाऊक बाजारपेठा टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे परिसरात आल्या, १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले आणि ९ मे १९९२ रोजी मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू झाली. या रेल्वेमार्गाच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भार सिडकोने उचलला होता. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिकाही स्थापन झाली.

महानगरपालिका क्षेत्राच्या जनगणनेतील तीन नोंदी आता विचारात घेता येतील. १९९१ मध्ये या क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ३ लाख होती. २००१ मध्ये ती ७ लाख ४ हजार आणि २०११ मध्ये ११ लाख २० हजार झाली. पहिल्या दशकातील वाढ सुमारे ४ लाख, दुसऱ्या दशकातील वाढही ४ लाख १६ हजारांच्या आसपास. टक्केवारीने पाहता पहिल्या दशकात लोकसंख्या दुपटीहून अधिक झाली, तर दुसऱ्या दशकात ती ५९ टक्क्यांनी वाढली. या एकाच सामग्रीवरून तीन विधाने करता येतात : शहर मोठ्या वेगाने वाढले, शहराचा वृद्धिदर निम्म्याहून खाली आला, शहराच्या वाढीचा वेग जवळजवळ स्थिर राहिला. तिन्ही विधाने सत्य आहेत. परंतु ‘वाढीचा वेग वाढला’ हे विधान मात्र या नोंदींतून फारसे सिद्ध होत नाही. ज्या दोन दशकांना सर्वसाधारणपणे झपाट्याच्या विकासाचा काळ मानले जाते, त्यांत या क्षेत्राच्या लोकसंख्येचा वेग मोठा होता, प्रवेग मात्र अत्यल्प होता. प्रवेगाचा काळ त्याआधीचा, म्हणजे रेल्वे आणि बंदर यांचे बल लागू झाले तेव्हाचा मानावा लागतो.

या विवेचनास एक मर्यादा आहे. खारघर, कामोठे, नवीन पनवेल हे भाग सिडकोच्या अधिसूचित क्षेत्रात असले तरी नवी मुंबई महानगरपालिकेत नाहीत. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत ते मोडतात. शिवाय २०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना झाली नाही. त्यामुळे २०११ नंतरच्या प्रवेगाविषयीची ठाम विधाने जनगणनेच्या आधाराविनाच केली जात आहेत. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर-पेंधर मेट्रो, १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळ यांची उद्घाटने झाली. या घटनांनी शहरावर नवे बल लागू केले आहे, हे निश्चित. मात्र ११.१ किलोमीटरच्या मेट्रोचे काम २०११ मध्ये सुरू झाले होते आणि विमानतळास केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता २००७ मध्ये मिळाली होती. उद्घाटनांची तारीखवार यादी लागोपाठ दिसली की प्रवेगाचा भास होतो. आरंभाच्या तारखा शेजारी ठेवल्या की तो ओसरतो.

६. बल कोणाचे, भार कोणावर?

प्रवेगाला बल लागते, हे तत्त्व सामाजिक इतिहासात उपयोजिले तर पुढचा प्रश्न असा की, ते बल कोणी लावले आणि कोणावर? नव्या शहरासाठी निवडलेली भूमी मोकळी नव्हती. आगरी, कोळी, कराडी समाजांची गावे, भातखाचरे, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर तेथील जीवन उभे होते.

भूसंपादनाचा १८९४ चा कायदा या संदर्भात उद्बोधक आहे. त्याच्या १७ व्या कलमाने तातडीच्या प्रसंगी निवाड्यापूर्वीच जमिनीचा ताबा घेण्याचा आणि हरकतींची सुनावणी वगळण्याचा अधिकार शासनास दिला होता. ‘त्वरण’ शब्दातील घाईची छटा येथे कायद्याच्या भाषेत उतरलेली दिसते. तातडी कोणाची, हे ठरविण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे होता. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या २०१३ च्या कायद्याने तातडीची ही तरतूद देशाचे संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती आणि संसदेने मान्य केलेली अन्य आणीबाणी एवढ्यापुरती सीमित केली. घाईवर कायद्याने घातलेली ही मर्यादा येण्यास सुमारे १२० वर्षे लागली.

नवी मुंबईतील प्रकल्पग्रस्तांचा लढा दि. बा. पाटील (१९२६-२०१३) यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-न्हावाशेवा परिसरातील आंदोलनावर झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. पुढे १९९० मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ भूधारकांना परत देण्याचा निर्णय झाला. त्यातूनही सार्वजनिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होत. विमानतळासाठी हे प्रमाण साडेबावीस टक्के ठरले. संपादनाची अधिसूचना १९७० ची आणि साडेबारा टक्क्यांचा निर्णय १९९० चा. जमीन जाण्याचा काळ आणि मोबदला येण्याचा काळ यांत वीस वर्षांचे अंतर पडले. एकाच प्रदेशात, एकाच संस्थेच्या कार्यक्षेत्रात, दोन भिन्न गती एकाच वेळी अस्तित्वात होत्या. जमीन घेण्याची गती कायद्याने शीघ्र केली होती. मोबदल्याची गती आंदोलनाला वाढवावी लागली. म्हणजे या दुसऱ्या प्रवेगासाठी लागणारे बल प्रकल्पग्रस्तांनाच पुरवावे लागले आणि त्याची किंमत त्यांनी प्राणांनी मोजली.

७. दिशेचा प्रश्न

प्रवेग केवळ चालीचा नसतो, दिशेचाही असतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६० च्या दशकापासून औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रात रसायने, वस्त्रोद्योग व अभियांत्रिकीचे कारखाने उभे राहिले. पुढील काळात यांपैकी अनेक बंद झाले आणि ऐरोली, महापे या भागांत माहिती तंत्रज्ञानाची संकुले आली. रोजगाराची एकूण बेरीज कदाचित फारशी घटली नसेल. परंतु रोजगाराची दिशा बदलली. वळणावर चालीत बदल न होताही बसमधील प्रवासी बाहेरच्या बाजूस फेकला जातो. ज्यांनी जमीन देऊन कारखान्यात नोकरी मिळविली, त्यांच्या पुढच्या पिढीला संगणक संकुलात त्याच प्रमाणात प्रवेश मिळाला नाही. बेरजेचे आकडे पाहणाऱ्यास हा प्रवेग दिसत नाही. तो अनुभवणाऱ्यास मात्र चुकत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, वेग व प्रवेग यांतील भेद सार्वजनिक मराठीत पुसट राहिल्याने मोठी वाढ आणि वाढती वाढ यांत गल्लत होते. नवी मुंबईच्या १९९१ ते २०११ या काळातील लोकसंख्येचे उदाहरण याचे निदर्शक आहे. दुसरा, प्रवेगाविषयी कोणतेही विधान किमान तीन कालबद्ध नोंदींशिवाय ग्राह्य मानता येत नाही. विकासाच्या इतिहासाचे अध्यापन करताना विद्यार्थ्यांना ही सवय लावणे शक्य आहे व आवश्यकही आहे. तिसरा, प्रवेगाला बल लागते; म्हणून ‘गती दिली’ या विधानाला कर्ता आणि कर्म दोन्ही विचारले पाहिजेत. नवी मुंबईत जमिनीची गती शासनाने वाढविली, न्यायाची गती प्रकल्पग्रस्तांनी. चौथा, प्रवेगाला दिशा असल्याने केवळ बेरजेवरून त्याचे मूल्यमापन अपुरे ठरते.

प्रवेग आणि त्वरण यांपैकी कोणता शब्द टिकेल, हे परिभाषा समित्यांपेक्षा वापरच ठरवील. शब्द कोणताही रूढ होवो, त्याने निर्देशिलेला भेद मराठी समाजशास्त्रीय लेखनात येणे अगत्याचे आहे. विमानतळ, सागरी सेतू आणि त्यांच्याभोवती आकार घेत असलेल्या नव्या वसाहती यांमुळे पनवेल-उरण परिसरात भूसंपादनाचा नवा अध्याय सुरू झाला आहे. या अध्यायाची नोंद केवळ वेगाच्या आकड्यांनी झाली तर १९७० ते १९९० या वीस वर्षांचा धडा पुन्हा दुर्लक्षित राहील.